मंदीत सर्च मार्केटिंगची माणसं घ्यावीत का?

मंदीची चाहूल लागली की छोट्या डिजिटल एजन्सी चालवणारे हमखास विचारतात: चौकश्या तर वाढल्यात, मग माणसं घ्यायची की हात आखडता घ्यायचा? विचारणारे बहुतेक गूगलवरच्या जाहिराती आणि एसईओ (जाहिरातीशिवाय वेबसाइट शोधात वर आणण्याचं काम) करणारे, म्हणजे सर्च मार्केटिंगवाले असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. माणसं घ्या, पण चौकश्या मोजून नको. एका माणसाच्या कामातून किती फी खरोखर बँकेत जमा होते, ते मोजून घ्या. मंदीत चौकश्या वर जातात आणि माणशी फी खाली येते. एजन्सी अडचणीत येते ती या फटीत.

चौकश्या का वाढतात, हे २००८-०९च्या अमेरिकेत स्वच्छ दिसतं. तिथली मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी धरतात, आणि लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ला दिवाळखोरी जाहीर केली. २००९मध्ये तिथल्या इंटरनेट जाहिरातींची एकूण उलाढाल २३.४ अब्ज डॉलरवरून २२.७ अब्जांवर आली. त्यातला सर्चचा भाग मात्र घसरला नाही. तो किंचित वाढून १०.७ अब्जांच्या आसपास गेला, म्हणजे एकूण रकमेच्या जवळपास निम्मा झाला. कारण साधं आहे. क्लिक झाला तरच पैसे जातात, आणि कोणत्या शब्दावर किती गेले, त्यातून काय आलं, हे मालकाला दाखवता येतं. खर्चाची वही उघडली की ज्याचा हिशेब लागत नाही ते आधी कापलं जातं. तिथून सुटलेल्या पैशातला थोडा सर्चकडे वळतो.

पण त्याच वर्षी खुद्द गूगलने काय केलं तेही बघा. २००८चा महसूल २१.८ अब्ज डॉलर, २००९चा सुमारे २३.७ अब्ज. वाढ झालीच. माणसं मात्र २०,२२२ वरून १९,८३५ झाली. जानेवारी २००९मध्ये भरती विभागातली सुमारे १०० पदं गेली, मार्चमध्ये विक्री आणि मार्केटिंगमधली जवळपास २००. आदल्या वर्षी महसूल ३१ टक्क्यांनी वाढला होता, या वर्षी जेमतेम ८-९ टक्क्यांनी. धंदा वाढतोय एवढ्यावर त्यांनी भरती चालू ठेवली नाही. वाढीचा वेग ओसरला आणि भरती करणारे लोकच आधी कमी झाले.

आणि सर्चला मंदी लागतच नाही, असंही धरून चालू नका. एप्रिल ते जून २०२० या कोविडच्या तिमाहीत गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटचा महसूल आदल्या वर्षीपेक्षा २ टक्क्यांनी घटला. शेअर बाजारात आल्यापासून अशी घट पहिलीच. त्यात सर्चचा महसूल जवळपास १० टक्क्यांनी उतरला. विमानं उडत नव्हती, हॉटेलं बंद होती, त्यामुळे प्रवासाच्या जाहिराती थांबल्या. वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर जाहिरातींवर घालणाऱ्या एक्स्पीडिया या प्रवास-बुकिंग कंपनीचे अध्यक्ष बॅरी डिलर यांनी तेव्हा सांगितलं होतं की यंदा बहुधा १ अब्जही खर्च होणार नाहीत. लोक जे शोधतच नाहीत त्याची जाहिरात सर्चवर दाखवता येत नाही. म्हणून तुमच्या फीमधला एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एकाच व्यवसायक्षेत्रातून येत असेल, मग ते बांधकाम असो, क्लासेस असोत की पर्यटन, तर नवा माणूस घेण्याआधी ते प्रमाण खाली आणा.

आता आपल्याकडचा हिशेब. समजा एक एक्झिक्युटिव्ह ३५,००० पगारावर आहे. पीएफ, टूल्स, लॅपटॉप, जागा धरून तो तुम्हाला महिन्याला ४८,०००ला पडतो. त्याच्याकडे ८ खाती, म्हणजे ८ क्लायंटचं काम आहे, प्रत्येकाचा जाहिरातखर्च सरासरी दीड लाख, तुमची फी १२ टक्के. खात्यामागे १८,०००, एकूण १,४४,०००. खर्चाच्या तिप्पट, छान चाललंय. मंदी आली आणि प्रत्येकाने बजेट ४० टक्क्यांनी कापलं. आता खात्यामागे १०,८००, एकूण ८६,४००. काम कमी झालं का? उलट वाढलं. बजेट कापलेला क्लायंट दर आठवड्याला फोन करतो, प्रत्येक शब्दाचा जाब विचारतो, नवं लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) मागतो. त्यामुळे तोच माणूस ८ऐवजी ६ खातीच नीट सांभाळू शकतो. फी उरली ६४,८००. त्यातून वरिष्ठाचा वेळ, विक्रीचा खर्च आणि बुडीत बिलं वजा करा म्हणजे कुठे उभे आहात ते कळेल.

आणि त्या नव्या चौकश्या? त्या बहुतेक ४०,००० बजेटवाल्या असतात. १२ टक्के म्हणजे ४,८००. असे दहा क्लायंट आले तर नेमका एका माणसाचा खर्च निघतो, वर दमडी नाही. आणि दहा खाती त्याला झेपणारही नाहीत. म्हणून भरतीआधी दरपत्रक बदला. फी टक्केवारीने किंवा किमान १५,०००, यातली जी जास्त ती. सुरुवातीच्या मांडणीचे पैसे वेगळे. छोट्या बजेटवाल्याला छोटं काम द्या: एक कॅम्पेन, एक शहर, १५-२० कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दाखवायची ते), एक पेज, महिन्यातून एक कॉल. त्याला हे परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या माणसाचे तास त्या खात्यात गेले तर ते चांगल्या खात्यातूनच कापले जातात.

याहून मोठा धोका उधारीचा आहे. क्लायंटचा जाहिरातखर्च एजन्सीच्या क्रेडिट कार्डावर टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. वरच्या उदाहरणात महिन्याला १२ लाख, १८ टक्के जीएसटी धरून १४ लाख १६ हजार. क्लायंटने दोन महिने पैसे लांबवले की २८ लाखांच्या वर तुमचे अडकले, आणि कमाई होती फक्त १२ टक्क्यांची. जीएसटीचं इनपुट क्रेडिट पुढे मिळेल, पण पगार १ तारखेला द्यायचा असतो. क्लायंटच्या स्वतःच्या गूगल ॲड्स खात्यावर त्याचंच कार्ड लावा, तुम्ही मॅनेजर खात्यातून (अनेक क्लायंटची खाती एकत्र सांभाळणारं एजन्सीचं खातं) प्रवेश घ्या. मंदी सुरू होण्याआधी हा एक बदल केला तरी निम्मी काळजी मिटते.

इतकं झाल्यावर भरतीची माझी अट अशी. ज्या खात्यांसाठी माणूस घ्यायचा, त्यांची फी त्याच्या खर्चाच्या अडीचपट हवी. ४८,०००च्या माणसामागे १,२०,०००. ही रक्कम सलग तीन महिने बँकेत आलेली हवी, नुसतं बिल पाठवलेलं चालणार नाही. आणि त्याचा तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला हवा. यातलं एक जरी नसेल तर कामाच्या तासांवर किंवा तीन महिन्यांच्या करारावर माणूस घ्या.

कोणाला घ्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. पहिली जागा कॅम्पेन बनवणाऱ्याची नको, मोजमाप करणाऱ्याची हवी. क्लिकसाठी बोली लावण्याचं बरंच काम आता गूगलचं स्वयंचलित स्मार्ट बिडिंग करतं, २०२१पासून परफॉर्मन्स मॅक्स हा जवळपास पूर्ण स्वयंचलित कॅम्पेनचा प्रकारही आहे. पण ही यंत्रणा तुम्ही तिला जे कन्व्हर्जन (क्लिकनंतर ग्राहकाने केलेली हवी ती कृती) म्हणून दाखवाल त्याच्यामागे धावते. फॉर्म भरल्यावरचं थँक यू पेज रिफ्रेश केलं की लीड, म्हणजे ग्राहकाची चौकशी, दोनदा मोजली जाऊ शकते. पाच सेकंदांत कट झालेला फोनही मोजला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपच्या बटणावरचा चुकून पडलेला स्पर्श आणि पूर्ण भरलेला फॉर्म एकाच मापात पडतात. तेजीत कोणी बघत नाही. मंदीत क्लायंटचा अकाउंटंट विचारतो, की महिन्याला ९० लीड दाखवताय, विक्री तर चारच झाली? तिथे उत्तर नसेल तर खातं गेलं.

म्हणून त्या माणसाला हे यायलाच हवं: फॉर्ममध्ये लपलेलं फील्ड ठेवून जीसीएलआयडी, म्हणजे त्या क्लिकची ओळख, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) साठवणं, कोणती लीड विक्रीपर्यंत गेली ते क्लिकपासून ९० दिवसांच्या आत गूगलला परत कळवणं, फोन किमान ३० किंवा ६० सेकंद चालला तरच मोजणं. जीसीएलआयडी हरवतो तो बहुधा वेबसाइटवरच्या रीडायरेक्टमुळे, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप पाठवल्यामुळे. पत्ता बदलताना त्याला मागे जोडलेली माहिती (पॅरामीटर) गळून पडते. हे शोधायला पाच मिनिटं लागतात, न शोधल्यास महिनोन्महिने चुकीचा डेटा जातो.

मुलाखतीत प्रमाणपत्रं विचारू नका, गूगलची परीक्षा घरी बसून देता येते. त्यापेक्षा नावं झाकलेला सर्च टर्म रिपोर्ट (लोकांनी काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी) द्या, साधारण २०० ओळींचा, आणि दीड तास. समजा पुण्यातला मॉड्युलर किचनवाला आहे. यादीत ‘मॉड्युलर किचन किंमत’, ‘किचन ट्रॉली रिपेअर’, ‘मॉड्युलर किचन कोर्स’, ‘इंटेरिअर डिझायनर जॉब’, ‘स्वस्त किचन ट्रॉली’ असं सगळं येईल. कोर्स आणि जॉब निगेटिव्हमध्ये, म्हणजे जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांत, टाकणं कोणालाही जमतं. कच्चा उमेदवार ‘स्वस्त’ आणि ‘किंमत’ही सवयीने बंद करतो. मंदीत घेणारा माणूस हेच शब्द टाइप करतो, त्यामुळे आधी त्यांचे आकडे बघायला हवेत. आणि उत्तम उमेदवार ‘रिपेअर’पाशी थांबतो. लोक नवं किचन पुढे ढकलून जुनं दुरुस्त करून घेतायत. तुमचा क्लायंट दुरुस्ती करतो का, असं तो विचारतो. करत असेल तर वेगळा ॲड ग्रुप (कॅम्पेनमधला शब्दांचा आणि जाहिरातींचा गट), वेगळं पेज. हा प्रश्न विचारणाऱ्याला घ्या. सप्टेंबर २०२०पासून गूगल कमी वेळा शोधलेले बरेच शब्द या रिपोर्टात दाखवत नाही, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. ते ज्याच्या लक्षात येतं त्याला दोन गुण जास्त द्या.

त्याला एक गणितही घाला. तेजीत ४०,००० खर्च, क्लिक ४० रुपयांना, म्हणजे १,००० क्लिक. ३ टक्क्यांनी चौकशी केली, ३० चौकश्या, एक १,३३३ला. मंदीत स्पर्धक मागे हटले, क्लिक ३५ला आला. क्लिक १,१४३ झाले, पण चौकशीचं प्रमाण २ टक्क्यांवर आलं. चौकश्या २३, एक सुमारे १,७४०ला. क्लिक स्वस्त झाला, चौकशी महागली. ‘सीपीसी (एका क्लिकचा खर्च) कमी झाला’ म्हणून आनंदाने रिपोर्ट लिहिणाऱ्याला घेऊ नका.

असाच फसवा आकडा ब्रँडच्या शब्दांचा असतो. बजेट कापताना बाहेरचे, म्हणजे क्लायंटचं नाव नसलेले शब्द आधी बंद होतात, क्लायंटच्या नावाचा शोध मात्र चालू राहतो. त्यावरची लीड स्वस्त असते, म्हणून सरासरी सुधारलेली दिसते. खरं तर नवे ग्राहक येणं थांबलेलं असतं, आणि तीन-चार महिन्यांनी नावाने शोधणारेही आटतात. ब्रँड आणि बिगर-ब्रँड वेगळ्या कॅम्पेनमध्ये आणि रिपोर्टच्या वेगळ्या तक्त्यात ठेवा. वाढ झाली की नाही ते बिगर-ब्रँडच्या तक्त्यावरून ठरवा.

माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून दोन गोष्टी तपासून घ्या. लोकेशनमध्ये ‘त्या ठिकाणी असलेले’ एवढाच पर्याय निवडलाय का. मूळ सेटिंगमध्ये ‘त्या ठिकाणात रस असलेले’ही येतात आणि पुण्याच्या सुताराचे पैसे परराज्यात खर्च होतात. आणि गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होणं बंद आहे का. मग टार्गेट सीपीएला (एका कन्व्हर्जनमागे किती खर्च चालेल तो आकडा) हात घालू द्या, तोही एका वेळी १० ते २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि दोन बदलांमध्ये दोन आठवडे. महिन्याला ३०पेक्षा कमी कन्व्हर्जन असलेल्या खात्यात टार्गेट एकदम आवळलं की जाहिरात दिसणंच थांबतं. सीझनॅलिटी ॲडजस्टमेंट, म्हणजे थोड्या दिवसांच्या चढउताराची यंत्रणेला आधी सूचना देणारं सेटिंग, मंदीसाठी वापरू देऊ नका. ते एक ते सात दिवसांच्या सेलसारख्या उसळीसाठी आहे.

एसईओची भरती वेगळी. तिथे परिणाम दिसायला चार-सहा महिने जातात, आणि ऑगस्ट २०२४पासून भारतातही एआय ओव्हरव्ह्यू (शोधाच्या वरच गूगलचं एआयने लिहिलेलं उत्तर) आल्यामुळे माहितीपर लेखांचे क्लिक आधीच धोक्यात आहेत. महिन्याला वीस लेख पाडणारा लेखक आत्ता घेऊ नका. तांत्रिक दुरुस्त्या करणारा आणि सेवांची पानं, गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल सर्च आणि मॅप्सवरची व्यवसायाची नोंद) सांभाळणारा एक जण पुरतो.

शेवटी कागदपत्रांतली एक गफलत. क्लायंटच्या करारात नोटीस ३० दिवसांची आणि कर्मचाऱ्याच्या पत्रात ६० दिवसांची असं फार ठिकाणी आढळतं. क्लायंट गेल्यावर एक अख्खा महिना पगार तुमच्या खिशातून जातो. क्लायंटची नोटीस ६० दिवस करा, किंवा प्रोबेशनच्या सहा महिन्यांत कर्मचाऱ्याची नोटीस ३० दिवस ठेवा. नेमणुकीचं पत्र देण्याआधीच.