आधी खिंडार, मग सृष्टी

शनिवार, रात्री

माझ्या कादंबरीतल्या जगाला देव कसा द्यायचा हा प्रश्न आज सुटायला लागलाय असं वाटतंय, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते, नाहीतर सकाळी उपासना, मग मासळी, मग रविवारची झोप, यात सगळं विरून जाईल.

फॅन्टसी लिहिणाऱ्यांना नकाशापासून सुरुवात करायला आवडतं, मलाही आवडतं, डोंगर काढा, नद्या काढा, राजवाडे काढा. पण ख्रिस्ती फॅन्टसीत एक गोम आहे. तिथला देव जग करून मोकळा होत नाही, तो ते सोडवायलाही येतो. आणि जखम जशी तसं औषध. जग नेमकं कुठे बिघडलं हे ठरल्याशिवाय तारणारा काय करणार ते ठरत नाही, आणि ते माहीत नसेल तर जग कुठल्या मातीचं करायचं तेही कळत नाही. म्हणून मी उलटीकडून धरलंय. आधी खिंडार, मग बांध, मग सृष्टी. हे अगदीच माझ्या मनाचं नाही, बायबलातल्या प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात जगाच्या स्थापनेपासून वधलेला कोकरा आहेच की.

काय नको ते आधी ठरवलं. गाण्यातून सृष्टी नको. टोल्किन आणि लुईस दोघांनी ते करून ठेवलंय आणि इतकं सुंदर केलंय की आता कोणीही गाणारा देव आणला तर वाचक पहिल्या पानावरच ओळखतो. देव आणि अंधार यांची लढाई आणि त्यातून जग, हेही नको, कारण मग अंधार देवाइतकाच जुना ठरतो. तो मॅनिकी पंथाचा मार्ग झाला. ख्रिस्ती संत ऑगस्टीन तरुणपणी त्याच पंथात होता, नंतर बाहेर पडला आणि म्हणाला की वाईट ही वेगळी वस्तूच नाही, चांगल्यात पडलेली उणीव आहे. वाचायला सोपं, पण उणिवेला व्हिलन कसं करणार? तिला ना शिंगं ना सैन्य.

तर उत्तर घराबाहेरच होतं. खाजन. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर भाड्याने राहायला आल्यापासून रोज बघतेय. घाटावरच्या लोकांसाठी सांगते, मांडवीसारख्या नद्यांत भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत चढतं, आणि त्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून नदीकडून मिळवलेली आहे. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांचं पाण्याचं फाटक. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वॉचमन नाही. दाराशी जाळं लावलं की ओहोटीबरोबर निघालेली मासळी, कोळंबी मिळते, आणि ती धरायच्या हक्काचा लिलाव होतो.

आज संध्याकाळी मानशीवर उभी राहून नुसतं बघत होते. फळ्या काळ्या पडलेल्या, कडेला बारीक शिंपल्या चिकटलेल्या, हात लावला तर खरचटेल अशा. ओहोटी बरीच लागली होती तरी दार हलेना, मग खालून एक गढूळ धार आली, मग फळी किंचित थरथरली आणि पुढच्या मिनिटाला सगळं पाणी आवाज करत सुटलं. शेजारचे काका जाळ्यापाशीच उकिडवे बसले होते, त्यांचं शेत तिथेच आहे. मी विचारलं बांध फुटला तर काय होतं? ते म्हणाले, "बांद फुटलो काय शेत गेलें गो बाये." मग समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी फट लहान असते, पण दर भरतीला पाणी आत आणि दर ओहोटीला बाहेर, ते येता-जाता माती खातं आणि खिंडार रुंद होत जातं. बुजवलं तरी मीठ मातीत राहिलेलं असतं. ते पावसाच्या गोड्या पाण्यानं धुऊन, ओहोटीला बाहेर सोडून, परत भरून, परत सोडून काढावं लागतं आणि त्यात पावसाळे जातात.

मी तिथेच मोबाईलवर टाइप करायला लागले. उणीव मिळाली होती. मीठ वाईट नाही, समुद्र वाईट नाही, पलीकडे मिठागरं आहेत आणि 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' हे तर प्रभूचंच वाक्य. वाईट म्हणजे खिंडार, जिथे काहीतरी असायला हवं होतं आणि नाहीये.

तर सृष्टी अशी. आधी फक्त घडवणारा. त्यानं पाणी केलं, शून्यातून केलं, आधीपासून कुठे पडलेलं नव्हतं, हे मला पहिल्याच ओळीत सांगून टाकायचंय. पाणी खारं आणि चांगलं. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव तिसऱ्या दिवशी पाणी एके ठिकाणी गोळा करतो आणि कोरडी जमीन दिसते, माझ्या गोष्टीत घडवणारा स्वतः चिखलात उतरतो आणि हातानं बांध घालतो. उत्पत्तीत सूर्य चौथ्या दिवशी येतो, म्हणजे पहिला बांध सूर्य नसलेल्या उजेडात घातला गेला, आणि हे चित्र मला इतकं आवडलंय की कोणी काढ म्हणालं तरी काढणार नाही. मग प्रत्येक बांधाला एक जागल्या. इथे गावागावाला राखणदार मानतात, लोक त्याला रोट ठेवतात, तो त्यांचा विश्वास, मी तो उचलून माझ्या पुस्तकात घालणार नाही, पण बांधावर कोणीतरी न दिसणारं जागं आहे ही जाणीव इथे राहून अंगात भिनते आणि देवदूतांना ती बरोबर बसते. शेवटी माणूस. त्याला काम तेच, मशागत आणि राखण.

पतन कसं? एक जागल्या माणसाला येऊन सांगतो, ओहोटीला मिळते ती मासळी म्हणजे उरलंसुरलं, भरतीला दाराखाली दगड लाव, ते मिटू देऊ नको, मग बघ. आणि त्या रात्री खरंच जाळी फाटेपर्यंत मासे मिळतात! हे मला महत्त्वाचं वाटतं. कितीतरी गोष्टींत पाप केल्या केल्या आकाश काळं होतं आणि वीज पडते, तसं होत असतं तर पाप केलं कोणी असतं? इथे पहिल्या रात्री मेजवानी होते, सगळे पोटभर जेवतात. दार निखळून वाहून जातं तेव्हा कोणी बघायलाही नसतं. पुढच्या हंगामात रोपं टोकाकडून पिवळी पडायला लागतात तेव्हा कुठे चर्चा सुरू होते, आणि तीही कोणाची चूक यावर. आदामानं हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेनं सापाकडे, तसंच.

आता तारण. इथे मी अडकून होते. बांध टिकावा म्हणून त्यात माणूस पुरला अशा दंतकथा आपल्याकडे जागोजागी आहेत, पुलाच्या, किल्ल्याच्या, तळ्याच्या. तारणारा खिंडारात उभा राहून मेला असं लिहिलं की वाचक म्हणणार, हां, बळी दिला. कोणाला दिला? समुद्राला दिला तर समुद्र देव झाला, माझा सगळा पाया गेला. घडवणाऱ्यानंच मागितला तर तो कसला बाप? ग्रेगरी ऑफ निसा या चौथ्या शतकातल्या बिशपनं वेगळी कल्पना मांडलीय, सैतान हा मासा, ख्रिस्ताचं मानवी शरीर हे आमिष आणि आत लपलेलं देवपण म्हणजे गळ. मासेमारीच्या गावात बसून हे वाचताना मजा येते, मोह झालाच, पण देवानं फसवून जिंकावं हे मला पटत नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅन्सेल्म या धर्मपंडितानं मांडलेलं ऋण फेडण्याचं गणित घट्ट आहे, पण ते कोर्टात शोभतं, चिखलात नाही.

मग बायबलातला संदेष्टा यहेज्केल आठवला, त्याच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय. देव म्हणतो की तट बांधील आणि देशासाठी माझ्यासमोर खिंडारात उभा राहील असा माणूस मी शोधला, पण मला कोणी सापडला नाही. बस्स. मागणी कोणाचीच नाही. खिंडार आहे, भरती चढतेय, आणि माती टाकायला मधे कोणीतरी छातीभर पाण्यात उभं राहून पाणी अडवल्याशिवाय माती ठरत नाही. जागल्यांना शरीर नाही. माणसं आत मीठ घेऊन जन्मलेली, त्यांनी टाकलेली माती विरघळते. कोणी सापडत नाही म्हणून तो स्वतः येतो.

झोपते.

रविवार, दुपारनंतर

उपासनेहून आल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर सगळं ऐकवलं. ती कॅथलिक, दक्षिण गोव्यातल्या साष्टीची, स्पष्टवक्ती. तिला आवडलं, पण म्हणाली, तुझा देव जमिनीचा मालक आहे का गं? मी म्हटलं अर्थात. तर म्हणाली मग जपून लिही, गोंयात मालक म्हटलं की भाटकार, म्हणजे जमीनदार, आठवतो, आणि भाटकाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून राहिलेल्या आजीच्या गोष्टी आमच्या घरात अजून संपलेल्या नाहीत. बरोबर आहे तिचं. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून इथे १९७५ साली कायदा करावा लागला, काही उगाच नाही. धनी म्हणून वर सज्जात बसलेला देव इथल्या वाचकाला प्रेमळ वाटणारच नाही. म्हणून येताना तो मजूर म्हणून येतो, रोजंदारीवर, आणि बांधाच्या कामाला लागलेल्या टोळीत त्याला कोणी ओळखत नाही. मुकादम त्याला शिव्याही घालतो. फिलिप्पैकरांस पत्रात 'दासाचे स्वरूप' आहे ते हेच, मी फक्त त्याला घमेलं दिलं.

मैत्रिणीनं आणखी एक विचारलं, दार निखळलंच नसतं तर तो आला असता का? हा प्रश्न जुना आहे, मध्ययुगातला धर्मपंडित डन्स स्कॉटस म्हणायचा की हो, पाप घडलं नसतं तरी देव माणूस झालाच असता, कारण प्रेमाला अपघाताचं निमित्त लागत नाही. मला स्कॉटस पटतो. आणि इथे ते दाखवायला आयतं साधन आहे. रायेला ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, ताळगावला २१ तारखेला, नवीन भाताची कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. हिंदू घरांत नव्याची पंचम. तर माझ्या गोष्टीत घडवणारा अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, पहिलं पीक आलं की मी तुमच्याकडे जेवायला येईन. येणं ठरलेलंच होतं. तो पोचेपर्यंत पीक जळून गेलेलं असतं, एवढाच फरक पडला. एवढाच म्हणजे, सगळाच.

पुनरुत्थानाचं बरंचसं जमलं. तो ज्या जागी बुडाला तिथे भात उगवतो, आणि खाऱ्या मातीत उगवतो. कोरगूट नावाचं भात आहे इथलं, खाजनातलं, खारटपणा सोसणारं. मीठ धुऊन निघायच्या आधीच पीक हातात येतं, कृपा म्हणजे दुसरं काय! पण इथेच थांबलं तर तो नुसता धान्यदेव होईल, दरवर्षी मरणारा आणि उगवणारा, तसले जुन्या जगात पुष्कळ झाले. म्हणून तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी बांधावरून चालत येतो, भूक लागलीय म्हणतो आणि पेज आणि भाजलेला बांगडा खातो. लूकच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो, तिथून घेतलंय. कपाळावर, दंडांवर मिठाचे पांढरे ओघळ तसेच राहिलेले, ते कधीच जात नाहीत. मुकादमाला ओळख पटते ती त्या ओघळांवरून.

आणि मीठ? खिंडार एका दिवसात बुजलं, मीठ मात्र पावसाळ्या-पावसाळ्यानं जाणार. त्यामुळे तारण झाल्यावरही माझ्या लोकांना काम उरतं, नाहीतर दुसऱ्या भागात लिहू काय. त्यात कुर्ल्या आहेतच, त्या बांधाला बिळं करतात, रोज फिरून बुजवावी लागतात. कृतीशिवाय विश्वास निर्जीव, असं सांगणारं याकोबाचं पत्र वाचलेल्यांना कळेल.

हे सगळं गोव्यात बसून मराठीत करणारी मी काही पहिली नव्हे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेज्विट पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, पहिलं पुराण सृष्टीपासून, दुसरं येशूचं चरित्र. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्तायन अर्धवट राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आमच्या नगरकडच्या घरांत ही नावं रोजची. पण त्या सगळ्यांकडे गोष्ट तयार होती आणि तिला धक्का लावायचा नव्हता. माझ्याकडे माती तयार आहे आणि गोष्ट मीच रचतेय, त्यामुळे एक भीती असतेच की उद्या कोणी म्हणेल, बाई, तुम्ही नवीन शुभवर्तमान लिहिताय का? नाही हो. एक होतं ते पुरेसं आहे. मी फक्त विचारतेय, तोच देव दुसऱ्या चिखलात कसा वागला असता.

आता राहिला शेवट. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि समुद्र राहिला नाही असं म्हटलंय. चिरंजीव बाजूला बसून ऐकत होता, लगेच म्हणाला, "आई, मग मासे?" दिवाडीत वाढणाऱ्या पोराला स्वर्गात माशाचं हुमण नाही हे पटणं अवघड आहे. मी त्याला सांगितलं की तिथे समुद्र म्हणजे सगळी उलथापालथ असा अर्थ बरेच जण घेतात, पण त्याचं लक्ष नव्हतं, तो बांगड्यावरच अडकलेला. आणि खरं सांगायचं तर माझ्या जगात समुद्र पहिल्या ओळीपासून चांगला आहे, त्याला शेवटच्या पानावर हाकलण्यात अर्थ नाही. समुद्र राहील, बांध राहील, मानस राहील, फक्त दार दोन्ही बाजूंनी उघडेल आणि भात जळणार नाही. खारं पाणी आत येऊनही रोपं हिरवी कशी राहतात याचं कारण मात्र अजून सुचलेलं नाही. उद्या फेरीबोटीत काकांना विचारते.