कॅमेऱ्यामागचा आवाज

माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात अकरा मिनीडीव्ही कॅसेटी सापडल्या, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या फिती. एकीवर बाबांचं अक्षर : ‘रंकाळा, २००४’.

मला चित्र नको होतं. चित्रात आई आहे, मी आहे, धाकटा आहे, भेळेचा गाडासुद्धा आहे. बाबा नाहीत; कॅमेरा त्यांच्याच हातात. आवाज मात्र सगळ्यात जवळून त्यांचाच आलाय.

मित्र म्हणाला, “भावा, टीव्हीवर लाव आन् मोबाइलवर रेकॉर्ड कर की!” पण या फितीवर आवाज आकड्यांतच लिहिलेला असतो, फायरवायरने, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या केबलने, काढला तर जसाच्या तसा उतरतो. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे, पण त्यातून फक्त फोटो निघतात. शेवटी फायरवायरवाला जुना कॉम्प्युटर त्याच मित्राकडं धूळ खात पडलेला मिळाला.

घाई इथं चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, आणि आवाज हवा म्हटलं तरी चित्राचं ओझं सोबत येतंच : तासाला १३ जीबी. त्यातून आवाज वेगळा केला तर जेमतेम ४६० एमबी.

पहिल्यांदा ऐकलं आणि हसूच फुटलं. बाबा पोपटासारखे बोलत होते! त्यांनी कॅमेऱ्याचा आवाज १२ बिटच्या सेटिंगवर ठेवलेला, म्हणजे ३२ किलोहर्ट्झचा, सेकंदाला आवाजाचे ३२ हजार नमुने. मी फाईलला ४८ सांगून बसलेलो. सगळं दीडपट वेगानं पळत होतं. आकडा बदलला आणि बाबा बाबांसारखे बोलायला लागले.

“हिकडं बघ की. पाण्याजवळ जाऊ नको. ए, मागं सर म्हणतो न्हवं!”

धाकट्याला ओरडतायत असं इतकी वर्षं घरात सगळे सांगायचे. ऐकलं तर नाव माझं.

मागं कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर आहे. ती काढायला बसलो, तर तिच्याबरोबर बाबांचा श्वासही पातळ व्हायला लागला. राहू दे म्हटलं.

शेवटी ते विचारतात, “झालं? बंद करू?” आणि बंद करायचं विसरतात. मग वारा, कुणीतरी भेळेचा कागद चुरगाळतंय, आणि आवाजासाठी तळात ‘विंचू’ घातलेल्या कोल्हापुरी चपलेची करकर, गाडीपर्यंत.