बडोद्याची छते: वास्तुदर्शनाच्या हिवाळी फेरीतील नोंदी

या हिवाळ्यापुरता आम्ही एक नियम केला होता. इमारतीच्या दर्शनी भागासमोर वेळ घालवायचा नाही, आत जायचे आणि आधी वर पाहायचे. बडोद्याच्या सयाजीरावकालीन वास्तूंना ‘इंडो-सारासेनिक’ (भारतीय, इस्लामी आणि युरोपीय घटकांची मिश्र शैली) असा शिक्का मारून आपण मोकळे होतो आणि मग कोणती कमान व्हेनिसची, कोणती छत्री राजपूत, यावरच चर्चा रंगते. छत कशावर उभे आहे आणि उजेड आत कुठून येतो, एवढे दोनच प्रश्न धरून हिंडलो, तर त्याच वास्तू निराळ्या क्रमाने महत्त्वाच्या ठरतात, असा या फेरीचा अनुभव आहे. सामग्री फारशी लागत नाही: एक दुर्बीण, नोंदवही आणि तळहातापेक्षा थोडा मोठा आरसा. आरसा पोटाजवळ आडवा धरला की मान न अवघडता छताचा मध्य बराच वेळ पाहता येतो, आणि रखवालदारांनाही त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही.

सुरुवात प्रतापनगरजवळच्या हजिऱ्यापासून केली. अकबराचा सरदार कुत्बुद्दीन मुहम्मद खान याची ही कबर १५८६ च्या सुमाराची. उंच चौथऱ्यावर अष्टकोनी वास्तू आणि तिच्यावर दुहेरी घुमट, ही रचना दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या कुळातली आहे. घुमट बांधणाऱ्यापुढची मूळ अडचण ही की दालन बहुधा चौकोनी असते आणि घुमटाचा तळ गोल. त्यामुळे चारही कोपऱ्यांत काहीतरी आधार निर्माण करावा लागतो. येथे आराखडाच अष्टकोनी असल्याने ती अडचण निम्मी सुटलेली आहे. दुहेरी घुमटाचा हेतूही आत उभे राहिल्यावर नीट कळतो. बाहेरचे कवच दुरून दिसण्यासाठी उंच हवे असते, पण तेवढी पोकळी आतून पाहिली तर दालन विहिरीसारखे भासेल; म्हणून आतले कवच खाली ठेवले जाते. बडोद्यात येणारे पाहुणे राजवाडा पाहून परत जातात आणि हजिरा राहून जातो. घुमट समजून घ्यायचे असतील, तर क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे.

हजिऱ्यानंतर लगेच विद्यापीठाच्या कला शाखेची इमारत पाहावी. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही वास्तू रॉबर्ट फेलोज चिझम यांची. बडोद्यास येण्यापूर्वी त्यांनी मद्रासमध्ये सेनेट हाउससारखी कामे केलेली होती आणि भारतीय घुमटांची बांधणी हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता. या कॉलेजच्या निमित्ताने त्यांनी ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेपुढे त्यावर निबंधही वाचला. येथील विटांच्या भव्य घुमटाकडे पाहताना विजापूरचा गोल घुमट आठवतो, आणि तो आठवावा अशीच योजना आहे. गोल घुमटात एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानींमुळे चौकोनी दालनावर तारकाकृती तयार होते, तिच्यावर आत झुकलेला सज्जा येतो आणि त्याचे वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला रोखून धरते. युरोपातील मोठ्या घुमटांना याच कामासाठी साखळ्या किंवा बाहेरचे आधार द्यावे लागले आहेत. दख्खनच्या सुलतानीतील ही युक्ती एका इंग्रज वास्तुविशारदाने अभ्यासावी आणि मराठी राजाच्या कॉलेजासाठी गुजरातेत उपयोगात आणावी, हा प्रवास मला राजवाड्यातील सगळ्या संगमरवरापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. दुपारी तास चालू नसताना मधल्या दालनाखाली उभे राहण्याची परवानगी मिळाली. आरसा येथे सर्वाधिक उपयोगी पडला, कारण कोपऱ्यांकडून गोलाकडे होणारे स्थित्यंतर एका दृष्टीत मावत नाही. ते टप्प्याटप्प्याने, भिंतीपासून वर चढतच वाचावे लागते.

लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे छतापुरतेच लिहितो. मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८८१ मध्ये मँट वारले आणि उरलेले काम चिझम यांनी १८९० मध्ये पूर्ण केले. आपली गणिते चुकली असून इमारत कोसळणार, या धास्तीने मँट यांचे मन बिघडले, ही कथा येथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. ती खरी असो वा नसो, गणिते चुकलेली नव्हती, एवढे इमारतीने सिद्ध केले आहे. दरबार हॉलमध्ये सर्वांच्या नजरा व्हेनिसच्या कारागिरांनी घातलेल्या मोझेकच्या जमिनीवर खिळतात. तिथून नजर वर उचलली की एवढ्या विस्तृत दालनात मध्ये एकही खांब नाही, हे ध्यानात येते. उजेड बेल्जियमच्या रंगीत काचांतून गाळून आत येतो, त्यामुळे सकाळी आणि दुपारी दालनाचा रंग वेगळा असतो. आत छायाचित्रणास मनाई आहे. रेखाटन केले तर कोणी अडवत नाही.

या फेरीत अनपेक्षितपणे सर्वाधिक नोंदी झाल्या त्या मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली, हे सर्वज्ञात आहे. वास्तुप्रेमींनी पाहावयाचे ते पुस्तकांचे दालन. अमेरिकेच्या स्नेड कंपनीच्या पद्धतीच्या पोलादी मांडण्या आणि मजल्यांमध्ये जाड काचेची जमीन, अशी येथील रचना आहे. या पद्धतीत मांडणी म्हणजे खोलीत आणून ठेवलेले फर्निचर नसते. मांडण्यांचे उभे पोलादी खांबच वरच्या मजल्याचा भार पेलतात, आणि काचेच्या जमिनीतून उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपतो. दिव्यांची सोय तुटपुंजी असण्याच्या आणि आगीचे भय मोठे असण्याच्या त्या काळात लाकूड टाळून उजेडही साधणारी ही व्यवस्था होती. येथे छत आणि जमीन एकच आहे, हे पायांना आधी कळते आणि डोळ्यांना नंतर.

कीर्तिमंदिर १९३६ चे, गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेले. त्याच्या मधल्या दालनातील भित्तिचित्रे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात पूर्ण केली. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि रवींद्रनाथ टागोरांचे नाटक ‘नटीर पूजा’ हे त्यांचे विषय. चित्रे डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर असल्याने दुर्बीण न्यावीच. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा त्याच दिवशी पाहिल्यास तुलना उत्तम होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांच्या या लाकडी सांगाड्याच्या वाड्यात चित्रे अगदी हाताच्या अंतरावर, घरात बसून पाहण्यासाठी काढलेली आहेत, आणि खोल्यांची उंचीही बसलेल्या माणसाच्या हिशेबाने ठेवलेली वाटते.

स्टुडिओंकडे वळताना छताचा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण चित्रकाराला उजेड भरपूर असण्यापेक्षा स्थिर असणे महत्त्वाचे वाटते. १८८८ मध्ये राजा रवि वर्मा यांना राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम मिळाले, आणि राजवाड्याच्या आवारातील त्यांचा स्टुडिओ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. युरोपातील चित्रशाळांमध्ये खिडकी उत्तरेला ठेवतात, कारण त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही. बडोद्यात हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२.३ अंशांवर आहे, म्हणजे २१ जूनच्या आगेमागे काही आठवडे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. शिवाय उन्हाळ्यात सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन शिरते. म्हणून येथे खिडकीची दिशा जितकी महत्त्वाची, तितकाच तिच्यावरचा पुढे आलेला छज्जाही महत्त्वाचा.

१९५० मध्ये सुरू झालेल्या ललित कला शाखेच्या आवारात हे तपासून पाहता येते. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि शिल्पकार शंखो चौधुरी यांनी सुरुवातीच्या काळात ज्या कार्यशाळा घडवल्या, त्या परंपरेत चित्रकारांच्या खोल्या आणि शिल्पकारांचे उघडे अंगण यांतला भेद चटकन जाणवतो. दगड फोडणाऱ्याला धूळ बाहेर जायला हवी असते आणि दगडावर पडणारी सावली पाहायला फिरते ऊनही चालते. चित्रकाराला दोन्ही नको. विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी गेल्यास एरवी बंद असणाऱ्या खोल्याही पाहता येतात, आणि कामात व्यत्यय आणल्याची टोचणी लागत नाही.

फत्तेगंजच्या लष्करी आवारातील दक्षिणामूर्ती मंदिर शेवटी ठेवले होते. ब्रिगेडियर ए. एफ. युजीन यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये उभारलेल्या या देवळावर अ‍ॅल्युमिनियमने मढवलेला जिओडेसिक, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेला घुमट आहे. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना अशा घुमटाचे अमेरिकन पेटंट १९५४ मध्ये मिळाले होते. त्यानंतर बाराच वर्षांत बडोद्यातील लष्करी अभियंत्यांनी तो शिवमंदिरासाठी वापरला. त्रिकोणांच्या जाळ्यात भार सर्व दिशांना वाटला जातो, त्यामुळे हजिऱ्यात किंवा कॉलेजात आवश्यक असलेली जाड भिंत येथे लागत नाही. धातूचे कवच फेब्रुवारीच्या दुपारीही तापते, ही त्याची उणी बाजू. ओळखपत्र सोबत ठेवावे. प्रवेशाचे नियम लष्कराचे आहेत.

न्यायमंदिर, म्हणजे शहरातील जुन्या न्यायालयाची इमारत, या फेरीत बाहेरूनच पाहिले. खंडेराव मार्केटमध्ये महापालिकेची वर्दळ इतकी होती की जिन्यापलीकडे लक्ष लागले नाही. पुढच्या फेरीसाठी फर्टिलायझरनगरची परवानगी मागितली आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी १९६० च्या दशकात खत कारखान्याच्या कामगारांसाठी आखलेली ही वसाहत घुमटांच्या मालिकेत बसत नाही, परंतु ऊन अडवून उजेड आत घेण्याचा प्रश्न तेथे शेकडो लहान घरांसाठी सोडवावा लागला होता. तोपर्यंत कोणी विजापूरला जाणार असेल, तर गोल घुमटाच्या सज्जाखालून छेदणाऱ्या कमानींचे एक सरळ रेखाटन करून आणावे. कॉलेजच्या रेखाटनाशेजारी ते ठेवून चिझम यांनी नेमके काय घेतले आणि काय बदलले, हे पडताळायचे आहे.