चुन्याची पुडी, गालाचं अस्तर आणि फॉर्म १२-अ

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुलं खेळता खेळता दाबतात. ती फुटून चुना डोळ्यात गेला की बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी (बुबुळावरचा पातळ थर सतत नवा करणाऱ्या) जळतात, आणि मग बुबुळावर पांढुरका पडदा चढतो. असे रुग्ण सरांच्या, म्हणजे माझ्याबरोबरच्या नेत्रतज्ज्ञांच्या, दवाखान्यात यायचे. पेशी वाढवायची सोय आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये. या मूळपेशी लॅबमध्ये वाढवून भाजलेल्या डोळ्यावर बसवायच्या, म्हणून दोघांनी मिळून सरकारी निधीसाठी अर्ज केला.

सादरीकरणात समितीतल्या एका ज्येष्ठांनी पाचव्या मिनिटाला अडवलं. "दुसरा डोळा धड असेल तर त्याच्या कडेचा छोटा तुकडा काढून थेट शस्त्रक्रियेतच पेरता येतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१२ साली दाखवलंय. मग तुमची लॅब कशाला?" उत्तर नव्हतं. शेरा आला, 'सुधारून पाठवा'.

परतताना गाडीत सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, ज्यांचे दोन्ही डोळे भाजलेत त्यांचं काय?" खरा प्रस्ताव तिथे सापडला. अशा रुग्णाच्या गालाच्या आतलं अस्तर घ्यायचं, लॅबमध्ये त्याचा थर वाढवायचा आणि डोळ्यावर बसवायचा. जपानमध्ये चार रुग्णांवर हे करून २००४ मध्ये छापूनही आलं होतं.

परवानग्यांना वेळ लागला, पण ते अपेक्षितच होतं. पेशी लॅबमध्ये वाढवल्या की मूळपेशी संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीबरोबर मूळपेशी समितीकडेही जावं लागतं, आणि नवी औषधं व क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांमुळे औषध नियंत्रकांकडेही.

भांडणं झाली ती बजेटवर. माझ्या मसुद्यात 'प्रवास' म्हणजे आमच्या परिषदा! सरांनी ते खोडलं. "तपासणीला येणाऱ्या मजुराचा रोज बुडतो, तो आधी धरा." बरोबरच होतं, पण तेव्हा मला राग आला होता. लॅब आणि दवाखान्यातला सामंजस्य करार तर एका ओळीवर चार महिने अडला: थर लॅबच्या दारातून निघाला की थिएटरच्या दारापर्यंत जबाबदारी कोणाची? शेवटी ठरलं, डबा आमचा माणूस नेईल, आणि सरांची सही होईपर्यंत तो आमचाच.

पहिला हप्ता वेळेत आला. दुसरा अडकला तो विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान कसं खर्च झालं ते सरकारला लिहून देण्याच्या फॉर्म १२-अ वर. दवाखान्याने त्यांच्या वाट्याचे पैसे नेहमीच्याच खात्यात ठेवले होते. अनुदानावरचं व्याज सरकारला परत करायचं असतं, ते वेगळं काढता येईना. आमचे अकाउंटंट शांतपणे म्हणाले, "मॅडम, वेगळं खातं पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं." व्याज निघालं तीन हजारांच्या आसपास. हिशेब जुळून हप्ता यायला सात महिने गेले.

तेवढ्या काळात पगार थांबला म्हणून आमच्या प्रोजेक्ट असिस्टंटने दुसरी नोकरी धरली. पेशींचा तो थर बशीतून न फाटता उचलणं लॅबमध्ये तिला एकटीलाच जमायचं.