पाव मात्रा मागे

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरून एक प्लॅस्टिकची गिटार निघाली. दिराची. तो कॉलेजात असताना ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमचं वेड होतं. दांडीवर पाच रंगांची बटणं, तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावरून रंगीत चकत्या पुढे येतात, रेषेवर पोचल्या की तेच बटण दाबून पट्टी छेडायची. 2005 साली हा गेम आला आणि पुढची काही वर्षं घरोघरी प्लॅस्टिकच्या गिटारी नि ड्रम जमत गेले. मग लोक कंटाळले. 2011 मध्ये कंपनीने या गेमचा विभागच बंद केला.

चिरंजीवांनी गिटार गळ्यात अडकवली. “आई, ही आपल्या स्विचला लागेल?”

नाही लागत. आमचा स्विच म्हणजे निन्टेन्डोचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. ही गिटार प्लेस्टेशन 3 या दुसऱ्याच कन्सोलची, आणि तिचा सिग्नल पकडणारा बोटाएवढा डाँगल कधीच हरवलेला. त्या डाँगलशिवाय ही गिटार म्हणजे घोरपडीएवढं खेळणं. या जातीच्या गेमची पहिली मेख हीच, की वाद्य एका कन्सोलचं असतं, दुसऱ्याला ओळखही देत नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात तालावरचा गेम घुसला. सुट्टीत एकच गेम घ्यायचा असं ठरलं होतं, आणि तो कोणता यावर आमच्या दोन खोल्यांत तीन पिढ्यांची बैठक बसली.

पहिलं नाव अर्थातच ‘जस्ट डान्स’, पडद्यावर बघून नाचायचा गेम. त्याच्या मित्राकडे पाहिलेला. मीही एकदा नाचून आले, मजा येते, नाही कशाला म्हणू. पण आम्ही गिरगावात लाकडी जमिनीच्या चाळीत राहतो. इथे वरच्याने पाट सरकवला तरी खालच्याच्या चहात धूळ पडते. खालच्या काकूंना दम्याचा त्रास, त्यात आमच्या घरी चौघे जण उड्या मारणार म्हणजे संबंध संपलेच. शिवाय एक गंमत कळली. स्विचवर तो गेम फक्त उजव्या हातातला जॉयकॉन, म्हणजे स्विचचा छोटा रिमोट, बघतो. पायांचं त्याला काही पडलेलं नाही. मित्राच्या घरी आमचे साहेब सोफ्यावर मांडी घालून नुसतं मनगट हलवत चिवडा खात होते आणि त्यांना नाचणाऱ्यांपेक्षा जास्त तारे मिळाले. ताल शिकायला नव्हे, आळस शिकायला घ्यायचा असेल तर उत्तम.

तरी लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारली, म्हटलं जुना मिळाला तर बघू. तिथे एका दुकानदाराने चांगली गोष्ट सांगितली: 2023च्या आवृत्तीपासून खोक्यात कार्ड नसतंच, नुसता कोड असतो. एकदा वापरला की खोकं रद्दीत. त्यामुळे तो सेकंडहँड घेण्यात अर्थ नाही, आणि नंतर विकताही येत नाही. मला हे फार खटकतं. आमच्या घरात गेम म्हणजे वर्षभर खेळून पुढच्याला द्यायची वस्तू, पाठ्यपुस्तकासारखी.

मग ‘ताइको’. जपानी ढोलाचा गेम. तिथल्या गेम पार्लरमध्ये 2001पासून आहे. उजवीकडून डावीकडे गोल सरकत येतात. लाल आला की ढोलाच्या मध्यावर, निळा आला की काठावर. मध्याला ते ‘दोन’ म्हणतात, काठाला ‘का’. मोठा गोल आला की दोन्ही हात, पिवळी पट्टी आली की नुसता थरथराट. बस, एवढंच. गाणी बहुतेक जपानी, यावर मुलाने जरा नाक मुरडलं. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, व्हिडिओ बघून तिथल्या तिथे निकाल दिला. “शब्द कोण ऐकतंय? मध्ये डग्गा, काठाला चाट. घ्या हा.” अण्णा गेली चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतात. त्यांनी व्हिडिओ गेमच्या बाजूने मत द्यावं ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना.

जॉयकॉन हवेत हलवूनही खेळता येतो, पण त्यात मार गिळला जातो. जोरात हात आपटला तरी गेमला पत्ताच नाही. दोन दिवस मुलाची चिडचिड ऐकून शेवटी वायरवाला ढोलही आणला. गेमपेक्षा महाग पडला, हे इथेच कबूल करते. टकटक आवाज होतो म्हणून खाली दुहेरी गोधडी घालतो. काकूंकडून अजून तक्रार नाही.

आणि मग ती संध्याकाळ. मुलगा सोप्या गाण्यावर बऱ्यापैकी गुण घेत होता. अण्णा बसले, चष्मा पुसला, काठ्या घेतल्या आणि सपशेल आपटले. एकामागून एक चूक. मुलगा हसून लोळायला लागला. अण्णांनी काठ्या खाली ठेवल्या नि शांतपणे म्हणाले, “अगं, तुमचा टीव्ही मागे पडतोय. पाव मात्रा.”

मला वाटलं, हार लपवतायत. पण नंतर हिशेब केला. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, पाव म्हणजे 125. आमचा आवाज येत होता ब्लूटूथ साउंडबारमधून, आणि ब्लूटूथने आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. त्यात टीव्ही स्वतःची चित्रं गुळगुळीत करत बसतो, त्याचा वेळ वेगळा. मुलगा डोळ्यांनी गोल बघून मारत होता, म्हणून त्याचं निभावत होतं. अण्णा कानाने वाजवत होते. त्यांच्या कानात सम येईपर्यंत गेममधली सम होऊन गेलेली असायची.

साउंडबार बंद केला, टीव्हीचाच आवाज लावला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ होता, चार वर्षांत एकदाही न उघडलेला, तो चालू केला. उरलंसुरलं गेममधल्या वेळ मागेपुढे करायच्या सोयीतून जुळवलं. अण्णा पुन्हा बसले. या वेळी हात बसला.

एक सवय मात्र जात नाही. दोन गोलांमध्ये मोकळी जागा दिसली की ते ती भरतात, मध्येच लग्गी, म्हणजे तबल्यावरची जलद वाजवण्याची लड, सुरू करतात. नशीब, या गेममध्ये रिकाम्या जागी मारलं तर गुण कापत नाहीत. पण लग्गी रंगली की पुढचा निळा गोल हातचा जातो. मुलगा ओरडतो, “अण्णा, तो लिहिलेला नाहीये!” अण्णा म्हणतात, “मग लिहायला हवा होता.”

गिटार मुलाने विकायला काढली आहे. आतापर्यंत तीन जणांनी विचारलं. तिघांचा पहिला प्रश्न एकच: डाँगल आहे का?