25 एप्रिल : त्यांचं पहिलं मतदान

आज पोर्तुगालमध्ये स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. 1974 साली याच तारखेला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी तिथली जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात उलथवली. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षीचा 25 एप्रिल जास्त जवळचा वाटतो. क्रांतीनंतरची पहिली खुली निवडणूक त्या दिवशी झाली.

संध्याकाळी त्या मतदानाचे जुने फोटो बघत बसलो होतो. रस्ताभर लांबलेल्या रांगा, डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. मतदान झालं जवळजवळ 92 टक्के! कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी पक्षाची खूण बघून फुली मारली. क्रांती करणारे अधिकारीच सांगत होते, ठरत नसेल तर मतपत्रिका कोरी टाका. लोकांनी ऐकलं नाही. कोरी आणि बाद मतं मिळून सात टक्क्यांच्या आसपास भरली. या माणसांना कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आम्ही गोवेकर. साडेचारशे वर्षं सोसलेलं असं सहज विसरता येत नाही. पण आम्ही डिसेंबर 1963 मध्ये मत देऊन आपलं सरकार निवडलं, तेव्हा लिस्बनची माणसं हुकूमशहा सालाझारच्या टाचेखालीच होती. त्यांना पुढे अकरा वर्षांहून जास्त वाट बघावी लागली.

आणि पोर्तुगालमधला पेनिशचा किल्ला! समुद्रकाठच्या त्याच तुरुंगात आमचे गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना ठेवलं होतं. तिथेच पोर्तुगालचे कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल कैदेत होते. 1960 च्या जानेवारीत ते साथीदारांसह तटावरून उतरून निसटले. 1975 ला त्यांच्या पक्षाला साडेबारा टक्के मतं पडली.

पहिले आले मारिओ सोआरेश यांचे समाजवादी, 38 टक्के मतं घेऊन. हेच सोआरेश त्या निवडणुकीच्या चार महिने आधी, 31 डिसेंबर 1974 ला, पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री म्हणून दिल्लीत आले होते. गोवा भारताचा आहे हे मान्य करणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. भारताच्या बाजूने सही होती आपल्या यशवंतराव चव्हाणांची. ज्याने आमचं स्वातंत्र्य कागदावर मान्य केलं, त्यालाच त्याच्या लोकांनी मोकळेपणी निवडून दिलं, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.