तुम्ही विचारलंत म्हणून: झेटॉरवर समाधानी आहे का?

खताच्या दुकानात विचारतात, वजनकाट्यावर ट्रॉली उभी असताना विचारतात, लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारतात. "अजून ठेवलाय का हो तो जुना ट्रॅक्टर? समाधानी आहात?" गेल्या महिन्यात तर एका तरुण पोराचा फोन आला. त्याच्या चुलत्याच्या गोठ्यामागे एक झेटॉर २५११ पडून आहे, घ्यावा की नको ते ठरवायचं होतं. "काका, खरं सांगा," म्हणाला, "परवडतं म्हणून ठेवलाय का नुसती हौस?"

हौस हा शब्द मला लागतो. आमच्या घरात हा ट्रॅक्टर कधीच हौस नव्हता. त्या पोराला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

हो, मी समाधानी आहे. तीन एकर हळद, बाकी ऊस, मधून सोयाबीन. कुळव, फळी, पेरणी, औषधाची टाकी, हळद पॉलिश करायचा ड्रम, सोयाबीनची मळणी, एवढं काम तो आजही करतो. हलक्या कामाला तासाला दोन-अडीच लिटर डिझेल पितो. घरात पन्नास एचपीचा नवा ट्रॅक्टर आहे, नांगरट आणि रोटाव्हेटर त्याच्याकडे. तरी सकाळी छोटं काम निघालं की माझा हात किल्ल्यांच्या खिळ्यावर झेटॉरच्याच किल्लीकडे जातो.

आता नवीन मुलांना हे यंत्र मुळात कुठलं तेच माहीत नसतं. एकाने मला हा इटलीचा का म्हणून विचारलं. झेटॉर झेकोस्लोव्हाकियाचा, ब्रनो शहरातला. तिथला झब्रोयोव्का हा मूळ बंदुकांचा कारखाना. आपल्या फौजेतली जुनी माणसं ब्रेनगन म्हणायची, त्यातला 'ब्र' या ब्रनोचाच. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याच कारखान्याने ट्रॅक्टर काढला. झब्रोयोव्काचं आद्याक्षर 'झेट' आणि ट्रॅक्टरमधला शेवटचा 'ऑर', त्यांचा झाला झेटॉर. झेकोस्लोव्हाकियाशी आपला व्यवहार रुपयात चालायचा, डॉलर मोजावे लागत नव्हते, म्हणून हे ट्रॅक्टर आपल्याकडे येऊ शकले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भूविकास बँकेचं कर्ज काढून तो घेतला तेव्हा मी जेमतेम चालायला शिकलो होतो. १९७१ मध्ये एचएमटी या सरकारी कंपनीने हरियाणात पिंजोरला हेच २५११ बनवायला घेतलं, आणि आमचा ट्रॅक्टर तगला तो त्याच्यामुळे. ब्रनोचा पार्ट मिळाला नाही तरी एचएमटीचा बसायचा. पुढे १९९३ मध्ये झेकोस्लोव्हाकिया हा देशच राहिला नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. म्हणजे ज्या देशातून आला तो देश नाही आणि ज्याने इथे बनवला तो कारखाना नाही. मी मात्र अजून दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात फोन लावून पिस्टन मागवतो, आणि तो येतो.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर त्याचं उघडणं. दोन सिलिंडर आणि प्रत्येकाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वेगळं. एका बाजूचं पॅकिंग गेलं तर तेवढंच हेड सोडायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आबा दुपारच्या जेवणाआधी हेड खाली घ्यायचे, जेवण करून पॅकिंग बदलायचे आणि दिवस मावळायच्या आत परत कुळवायला जायचे. मी शेजारी पोत्यावर नट ओळीने मांडून ठेवायचो. कुठला नट कुठल्या स्टडचा, ते मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

पण मी सुरुवातीपासून असा होतो असं कुणी समजू नका. २०११ मध्ये मीच हा ट्रॅक्टर विकायला काढला होता. पलीकडच्या गावच्या एकाकडून पाच हजार विसार घेऊन घरी आलो आणि आबांना सांगितलं. माझं म्हणणं साधं होतं. क्लच इतका जड की दिवसभर सरीत वळवळून गुडघा सुजतो. पॉवर स्टिअरिंग नाही. ब्रेक भरवशाचे नाहीत. लिफ्ट वजन धरून ठेवत नाही, औजार हळूहळू खाली येतं. मजुरी वाढली, वेळेला किंमत आली, आणि आपण पंचवीस एचपीवर किती दिवस काढायचे? आबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने गेले आणि त्या माणसाचे पाच हजार परत करून आले. मला एक शब्द बोलले नाहीत. मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही.

त्या २०११ मधल्या माझं काही चुकलं होतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो. क्लच आजही जड आहे आणि गुडघा आता पासष्टीच्या बापाचा असावा तसा दुखतो. तेव्हा विकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पुढचं म्हणजे महापूर. २०१९ च्या ऑगस्टबद्दल आमच्या भागात कुणाला काही सांगायला नको. आमचा मळा कृष्णेच्या काठाला. शेडच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण विटेने ओढलेली होती आणि ट्रॅक्टर उभे करायची जागा आम्ही त्या खुणेच्या वर भराव टाकून केली होती. त्या खुणेवर अख्ख्या गावाचा विश्वास. २००५ ला आलं नाही ते आता काय येणार, हेच प्रत्येक जण म्हणत होता, मीही. सांगलीला आयर्विन पुलाजवळ २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. या वेळी ते ५७ च्या पुढे गेलं. आम्हाला तो आकडा नंतर कळला. आम्हाला दिसलं ते एवढंच, की पहाटे खूण बुडालेली होती.

झेटॉरची बॅटरी चार महिन्यांपासून उतरलेली. मला माहीत होतं. भरावाच्या उतारावर लावून ढकलस्टार्ट करायचो आणि काम भागवायचो, नवी बॅटरी दिवाळीला घेऊ म्हणून. त्या दिवशी उताराच्या तळाशी गुडघाभर पाणी होतं. सेल्फ मारला, नुसता टक आवाज आला.

नव्या ट्रॅक्टरने तीन फेऱ्या केल्या. पहिलीत जनावरं, दुसरीत बायामाणसं आणि शेजारची दोन म्हातारी, तिसरीत धान्य आणि आबा. आबा तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत बसायला तयार झाले नाहीत. पाणी मागच्या चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. अजून एक गोष्ट ओढून नेण्याइतका वेळ होता. साखळी होती. झेटॉरला साखळी लावून ओढला असता तर दहा मिनिटांचं काम. पण मी ती साखळी ट्रॉलीमागे रोटाव्हेटरला लावली. त्याचे हप्ते चालू होते.

आबा ट्रॉलीत पोत्यांवर बसले होते. त्यांनी शेडकडे बोट केलं आणि म्हणाले, "झेटॉर?"

मी म्हणालो, "राहू द्या ते भंगार."

एवढंच. मी घाईत होतो, भिजलेलो होतो, घाबरलेलो होतो. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिल्या आहेत. रस्त्याला लागेपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही. आबा काय बघत होते मला माहीत आहे, कारण ट्रॉलीत ते उलट्या तोंडाने बसले होते.

सहा दिवस आम्ही बहिणीच्या घरी होतो. आबा तिथे सगळ्यांशी बोलायचे, जनावरांची चौकशी करायचे, पाणी किती उतरलं विचारायचे. ट्रॅक्टरचं नाव नाही.

पाणी ओसरल्यावर गेलो तर बोनेटवर चार बोटं गाळ बसलेला होता आणि स्टिअरिंगला उसाचं पाचट गुंडाळलेलं. दोन दिवसांत भंगारवाला आलाच, अडतीस हजार देतो म्हणाला. तेव्हा दारात बरेच जण जमले होते आणि सगळ्यांचं मत देऊन टाका असंच पडलं. मी आबांकडे बघितलं नाही. नाही म्हणालो. तो नकार प्रेमातून आला असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून निघालेला तो शब्द कुणीतरी अडतीस हजार मोजून खरा करावा, हे मला सोसलं नसतं.

मग ते काम सात आठवडे चाललं. मेस्त्रीने पहिल्यांदा सांगितलं की सेल्फला हात लावायचा नाही. इंजिन ऑइलचा खालचा नट सैल केला. आधी मातकट पाणी आलं, बारीक धारेने, बराच वेळ. पाणी जड, ते तळाशी बसलेलं. ते संपून मागून काळंभोर ऑइल उतरायला लागलं तेव्हा पाटीशेजारी खुर्ची टाकून बसलेले आबा पहिल्यांदा बोलले, "फिरवलं नाही कुणी, बरं झालं." हेडं सोडली. एका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिले होते, तो आत जवळजवळ कोरडा. दुसऱ्याचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, त्यातून गाळ आत जाऊन पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरला होता. मेस्त्री ठोकायला निघाला तर आबांनी अडवलं. डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून वरून ओतायला लावलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ भर घालायला लावली. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला तेव्हा पिस्टन केसभर सरकला. तो सरकताना मी बघितलं. तेवढा आनंद मला नवा ट्रॅक्टर दारात आला तेव्हाही झाला नव्हता.

लायनर-पिस्टनचा सेट दिल्लीहून आला. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली, ती नवी. सेल्फ आणि डायनामो रिवाइंडिंगला. पंप आणि नोझल सांगलीला. ब्रेक ड्रममधून गाळाच्या अक्षरशः वड्या निघाल्या. मागच्या हाऊसिंगमधलं ऑइल तीन वेळा बदललं. सगळे मिळून एक लाख बारा हजार झाले. एवढ्या पैशात चालता जुना ट्रॅक्टर सहज मिळाला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. परवडतं का, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या आकड्यात आहे, आणि ते लपवून मी समाधानाच्या गप्पा मारणार नाही. त्या वर्षी पुराने उभं पीक गेलेलं होतं. माझ्या बायकोने दोन तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवायला दिल्या आणि त्यातले काही पैसे या इंजिनात गेले. ती काही बोलली नाही. पाटल्या सोडवून आणल्या, पण वर्ष लागलं.

दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी नव्या बॅटरीवर सेल्फ मारला. दुसऱ्या वेळी एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, आणि तो दोन सिलिंडरचा टकटक आवाज शेडभर झाला. पोरगा ओरडला. शेजारची माणसं आली. मी आबांकडे बघितलं. मला वाटलं होतं आता काहीतरी बोलतील, त्या दिवसाचं, त्या शब्दाचं. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. ते उठून जवळ आले, डॅशबोर्डवर वाकले आणि म्हणाले, "ऑइल प्रेशर किती दाखवतंय?"

मी आकडा सांगितला. "बास," म्हणाले आणि घराकडे गेले.

२०२१ च्या उन्हाळ्यात ते गेले. त्या शब्दाबद्दल आमच्यात शेवटपर्यंत बोलणं झालं नाही. त्यांनी ऐकलाच नव्हता का, ऐकून सोडून दिला होता का, मला ठाऊक नाही. इंजिनाचा आवाज होता, पाणी होतं, ऐकू गेला नसेल अशी माझी एक समजूत आहे. पण मग सहा दिवस त्यांनी ट्रॅक्टरचं नाव का काढलं नाही?

त्यामुळे "समाधानी आहात का?" असं तुम्ही सहज विचारता आणि मी कधी नुसताच हो म्हणतो, कधी चिडतो, त्यामागे हे आहे. यंत्रावर मी समाधानी आहे. त्याने आम्हाला कधी फसवलं नाही. बॅटरी माझी उतरलेली होती, त्याची नव्हे.

त्या फोन करणाऱ्या पोराला माझं सांगणं आहे. चुलत्याचा २५११ बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, आणि इंजिन कुणाला आधी चालू करू देऊ नको. बोनेटला हात लावून बघ, गार असला पाहिजे. ऑइलचा खालचा नट जरा सैल करून आधी पाणी येतंय का बघ. लिफ्टवर वजन टाकून, इंजिन बंद करून चहा पिऊन ये, औजार किती खाली आलं ते बघ. दोन्ही हेडांखाली ओल आहे का ते बोट फिरवून बघ. एवढं करून घ्यावासा वाटला तर काश्मिरी गेटचे नंबर माझ्याकडे आहेत. आणि नवी बॅटरी त्याच दिवशी घे, दिवाळीची वाट बघू नको.